पंधरा आणि पन्नास यांच्यामधली गाडी

१/
या पानावर आपण एरवी दप्तरे, शिलालेख आणि दुर्ग यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय एका जुन्या मोटारीचा आहे. तीही कोण्या महाराजांची रोल्स रॉइस नव्हे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, एका मुख्याध्यापकाची प्रीमियर पद्मिनी. तिच्या निमित्ताने मला एक मत मांडायचे आहे. वस्तू जुनी होते आणि वस्तू वारसा ठरते, या दोन घटनांच्या मध्ये उपेक्षेचा एक दीर्घ काळ असतो, आणि सामान्य माणसाचा इतिहास नेमका त्याच काळात भंगारात जातो. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी कायद्याची भाषा पाहू. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार मूर्ती वा नाणे पुरावशेष ठरण्यासाठी किमान १०० वर्षे जुने असावे लागते. हस्तलिखिताला ७५ वर्षे पुरतात. मोटारींसाठी स्वतंत्र नियम आले ते थेट २०२१ मध्ये. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी त्यांनुसार 'व्हिंटेज' मानली जाते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन आणि दुरुस्ती यांसाठी आणता येते.

३/
आता दुसरे टोक. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी पुन्हा 'पासिंग' करावे लागते. गाडीला पन्नाशी गाठायची, तर हा सोपस्कार पंधराव्या, विसाव्या, पंचविसाव्या अशा क्रमाने एकूण सात वेळा पार पाडावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे, तो वेगळा.

४/
पन्नाशीचा उंबरठा ओलांडला की चित्र पालटते. व्हिंटेज नोंदणीला प्रारंभी २०,००० रुपये लागतात. पण ती १० वर्षे चालते आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये पुरतात. २०२२ च्या अधिसूचनेने अशा मोटारींना त्रयस्थ-पक्ष विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सवलतही दिली. म्हणजे ४५ वर्षांची गाडी ५ वर्षांसाठी १०,००० रुपये भरते आणि साठी ओलांडलेली व्हिंटेज गाडी नूतनीकरणासाठी ५,००० रुपये. पंचेचाळिशीची गाडी सरकारच्या लेखी नुसती जुनाट असते. मधली ३५ वर्षे तिला कोणी सांभाळायचे, याचे उत्तर या नियमांत नाही.

५/
ही ३५ वर्षे कोणाच्या गाड्या ओलांडतात? ज्यांच्याकडे जागा, माणसे आणि पैसा आहे, त्यांच्या. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दिमाखात चौकात येते, तेव्हा पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो, माझाही येतो. ती टिकली याचा आनंदच आहे. पण ती टिकण्यामागे एक राजवाडा होता. ज्या गाडीमागे केवळ एक मासिक पगार होता, तिचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा.

६/
हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पेशवे दप्तर टिकले, कारण ते राज्याचे दप्तर होते आणि पुढच्या राज्यकर्त्यांनाही त्याची गरज होती. सरदारांच्या वाड्यांतील रुमाल टिकले, कारण वाड्यांना माड्या होत्या. मात्र एखाद्या गावच्या वाण्याच्या खातेवह्या पावसात भिजल्या, चुलीत गेल्या किंवा पुड्या बांधण्यात संपल्या. पुढे आपण उपलब्ध कागदांवरून त्या काळाचे चित्र रेखाटले आणि ते चित्र सरदारांचेच निघाले. मोटारींच्या बाबतीत आपण हीच चूक उघड्या डोळ्यांनी करत आहोत.

७/
आता पद्मिनीचा इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. भारतीय जहाज कंपनी आणि विमान कारखाना यांच्या उभारणीतही अग्रभागी असलेला हा उद्योजक. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. ती अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 'फियाट' हा शब्द मराठी घरात शिरला.

८/
त्याच सुमारास सरकारने एक दूरगामी निर्णय घेतला. जकात आयोगाच्या शिफारशींनंतर १९५३ मध्ये ठरले, की परदेशी सुटे भाग आणून येथे केवळ जोडणी करणाऱ्यांना थारा नाही. टप्प्याटप्प्याने येथेच उत्पादन करणाऱ्यांनीच राहावे. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. पुढची तीन दशके खासगी मोटार म्हणजे प्रामुख्याने कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड.

९/
या फियाटची रूपे बदलत गेली. सुरुवातीच्या गोलसर पाठीच्या गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. त्यात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक. १९६४ च्या सुमारास 'अकराशे डिलाइट' आली. तिचे मूळ इटलीत १९६२ मध्ये अवतरलेल्या 'अकराशे डी'मध्ये. सत्तरच्या दशकारंभी परवान्याची मुदत संपली आणि फियाट हे नाव गेले. काही काळ ती 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून, चितोडच्या राणीच्या नावाने, 'पद्मिनी'.

१०/
इटलीत हे प्रारूप साठच्या दशकातच मागे पडले. कुर्ल्यात ते २००१ पर्यंत निघत राहिले. एकच मूळ आराखडा, १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, हँडलच्या दांड्याला लावलेला गिअर. याला तंत्रज्ञानाची कुंठितावस्था म्हणता येईल, आणि ती होतीच. मर्यादित उत्पादन, परवाने, वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या : मोटार बुक करणारा तरुण आणि मोटार मिळालेला प्रौढ हा एकच मनुष्य असे. पण या कुंठित काळाचा एक अनपेक्षित लाभ आजच्या गरीब संग्राहकाला झाला. १९७० च्या गाडीचा बिघाड १९९५ च्या गाडीच्या भागांनी बहुधा दूर होतो.

११/
दुसरा लाभ मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी करून दिला. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज रस्त्यावर होत्या, म्हणून क्लचपाटी, कार्ब्युरेटरचे जेट आणि पुढचे किंगपिन गल्लोगल्ली मिळत. ते बसवणारे हातही शाबूत राहिले. ज्याला आपण हौशी संग्राहकाची चिकाटी म्हणतो, तिला आधार होता तो पोटासाठी दिवसरात्र गाडी हाकणाऱ्या माणसांच्या बाजारपेठेचा. संग्राहकांच्या मेळाव्यांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, तो व्हावा.

१२/
मुंबईत टॅक्सीचे कमाल वय २० वर्षे ठरले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे हद्दपार झाली. वर्तमानपत्रांनी स्मरणरंजनाचे लेख छापले. एक गोष्ट मात्र फारशी कोणी लिहिली नाही : टॅक्सी गेली की सुट्या भागांचा बाजार आटतो. कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झाला आहे. त्याच कुर्ल्यात भंगाराची मोठी बाजारपेठ मात्र जोरात आहे. ज्या उपनगरात पद्मिनी जन्मली, तिथेच तिचे पत्रे वजनावर विकले जातात.

१३/
आता आमच्या गाडीविषयी. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मुख्याध्यापक होते. १९८४ ची पद्मिनी त्यांनी १९९२ मध्ये दुसऱ्या हाताची घेतली. आबांच्या पश्चात ती वडिलांच्या नावावर झाली आणि घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. २०२४ च्या प्रारंभी भंगारवाला दारात आला आणि त्याने वजनावर भाव सांगितला. वडील म्हणाले, ''देऊन टाकू. जागा तरी मोकळी होईल.'' घरात कोणाचाच विरोध नव्हता. माझाही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते.

१४/
गाडी रिकामी करताना पुढच्या कप्प्यात एक वही सापडली. आबांनी प्रत्येक प्रवास टिपून ठेवला होता : तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कारण. कारणांच्या रकान्यात काय काय आहे! 'बाळंतपण, रात्री दोन वाजता, शेजारच्या वहिनी.' 'नवरदेवासाठी गाडी दिली, हार काढताना रंग गेला.' 'दहावीच्या उत्तरपत्रिका.' 'भाऊला शेवटचे घरी आणले.' आमच्या आळीत ती एकच मोटार होती. ती आबांची असली, तरी वहीत प्रवास मात्र साऱ्या आळीचे होते. एका गावातील दळणवळण, आजारपण आणि नातेसंबंध यांचे हे अस्सल साधन. आणि आम्ही ते भंगारवाल्याच्या पोत्यात टाकायला निघालो होतो.

१५/
वही ठेवून गाडी द्यावी, असे सुचवणारे मित्र भेटले. विचार केला तर ते शक्यही होते. पण त्या वहीतील वाक्ये गाडीतच कळतात. 'सहा जण मावले' या नोंदीचा अर्थ पुढच्या सलग बाकासारख्या आसनावर दाटीने बसल्यावर उमजतो. 'घाटात तीनदा थांबलो' हे वाक्य चढावर इंजिन तापून पाण्याची वाफ दिसू लागल्यावर कळते. कागद आणि वस्तू एकमेकांचे भाष्य असतात. म्हणून गाडी ठेवली. माझे उत्पन्न म्हणजे शिकवण्यांचे पैसे. हा निर्णय भाबडा आहे, याची मला जाणीव होती.

१६/
खर्चाचा हिशेब लिहिते, कारण तो कोणी लिहीत नाही. सर्वांत मोठा खर्च पत्र्याचा. आमचे गॅरेजवाले काका म्हणाले, ''ताई, इंजिनाची चिंता करू नका, ते मी डोळे मिटून उघडीन. तळ बघा.'' पद्मिनीला ट्रकसारखा स्वतंत्र सांगाडा नाही. बाह्यांग हाच सांगाडा. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या, की गाडीचा कणाच गेला. वेल्डिंग आणि पत्र्याच्या तुकड्यांना ३८,००० रुपये लागले. ते वडिलांनी आणि मी निम्मे निम्मे भरले. रंग मुद्दाम जुनाच ठेवला. नवदेवाच्या हाराने गेलेला रंगही तसाच आहे.

१७/
पुढचा वार्षिक खर्च त्या मानाने सुसह्य. इंजिन १,००० ते १,५०० घनसेंटिमीटरच्या गटात येते. त्रयस्थ-पक्ष विम्याचा मूळ हप्ता ३,४१६ रुपये, त्यावर कर. पीयूसी, तेल, ग्रीस, एखादी रबरी नळी. पॉइंट आणि कंडेन्सर पुण्याच्या नाना पेठेत हुडकून आणले. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवणे. कारण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. पहिल्या पूर्ण वर्षाचा खर्च २२,००० रुपयांच्या आत राहिला. पडवी नसती, तर मात्र सारे गणित कोसळले असते. अल्प उत्पन्नाच्या संग्राहकाची खरी संपत्ती म्हणजे डोक्यावरचे छप्पर आणि ओळखीचा मेकॅनिक.

१८/
तुमच्यापैकी कोणी असे काही करू पाहत असेल, तर एवढेच सांगते. इंजिनापेक्षा पत्रा पाहा. पत्र्याच्याही आधी कागद पाहा : आरसी बुकातील सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळतो का, मालकीची साखळी अखंड आहे का, मृत मालकाच्या वारसांची संमती आहे का. हस्तलिखित पाहताना ते कोणाकोणाच्या हातून आले, हे आपण तपासतो, तसेच हे. आणि दुर्मीळ गाडीच्या मोहात पडू नका. जी गाडी सर्वांकडे होती, तीच अल्प खर्चात टिकते.

१९/
आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला प्रदूषणाचा. या गाडीत उत्प्रेरक परिवर्तक नाही आणि सुरक्षेची आधुनिक साधनेही नाहीत. म्हणून ती रोज चालवावी, असे मी मुळीच म्हणत नाही. पण वर्षाला तीनशे किलोमीटर धावणारी गाडी आणि रोज तीनशे किलोमीटर धावणारे वाहन यांना एकाच तराजूत घालणारा नियम हवेचेही फारसे भले करत नाही. दुसरा आक्षेप : सगळेच जपायचे का? नाही. सगळे जपता येत नाही. मात्र काय टिकावे, हे फक्त ज्याच्या त्याच्या खिशावर सोडले, तर निवड आधीच झालेली असते.

२०/
नियमांतील 'मूळ स्वरूप' या अटीविषयीही मला शंका आहे. ऐपत नसलेल्या माणसाने गाडीला गॅसकिट बसवले, मिळेल ते आसन लावले, दुसऱ्या गाडीचे दिवे बसवले. मोडी कागदाच्या समासात पुढच्या पिढीने केलेली नोंद आपण खोडून टाकत नाही. तिच्यावर प्रबंध लिहितो. गॅसवर चालणारी पद्मिनी टॅक्सी ही मुंबईच्या श्रमाचा आणि हवेविषयीच्या धोरणाचा दस्तऐवज आहे. ती 'मूळ' नाही म्हणून तिला वारशातून वगळणे, हा कारखान्याचा इतिहास मान्य करून वापरणाऱ्याचा इतिहास नाकारणे होय.

२१/
हा प्रश्न एकट्या पद्मिनीचा नाही. डिसेंबर १९८३ मध्ये देशातील पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिली गेली. मालकाच्या निधनानंतर तीच ऐतिहासिक गाडी दिल्लीत घराबाहेर गंजत होती. तिची छायाचित्रे पसरली, हळहळ व्यक्त झाली आणि अखेर कंपनीनेच ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात ठेवली. पहिल्या क्रमांकाच्या गाडीची ही कथा. मग लाखाव्या क्रमांकाच्या गाडीला कोण विचारतो? २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या नॅनो २०२४ मध्ये पंधरा वर्षांच्या झाल्या. तिचे हसे करून झाले. आता तिचा मधला काळ सुरू झाला आहे आणि पन्नाशीला २०५९ उजाडेल.

२२/
मग काय करावे? उपाय अनोखा नाही. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाच्या व्याख्येत वयाची अट ३० वर्षांची आहे आणि गाडी रोजच्या वापरात नसावी, अशीही अट आहे. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरील, नीट जपलेल्या गाड्यांना क्रमांकाच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. आपल्याकडेही ३० ते ५० या वयोगटासाठी एक वेगळा वर्ग असावा : वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, सुरक्षेची काटेकोर तपासणी, व्यावसायिक वापरास मनाई आणि त्या बदल्यात माफक शुल्क. फुकट काहीच नको. हप्त्याने जगता यावे, एवढेच.

२३/
कायदा बदलेपर्यंत मार्ग एकच, आणि तो पुण्याने फार पूर्वी दाखवला आहे. दिनकर केळकर यांनी जे गोळा केले, ते राजमुकुट नव्हते : अडकित्ते, दिवे, फण्या, वज्र्या, स्वयंपाकघरातील भांडी. ज्या वस्तू घरोघरी होत्या आणि म्हणूनच कोणाला जपाव्याशा वाटत नव्हत्या, त्या त्यांनी जपल्या. १९७५ मध्ये तो संग्रह शासनाकडे गेला आणि आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण तिकीट काढून तो पाहतो. त्या अडकित्त्यांनाही कधी काळी मोडीचाच भाव होता.

२४/
आमच्या गाडीचे २०२४ चे पासिंग झाले. तपासणीच्या रांगेत तिच्या वयाची दुसरी एकही गाडी नव्हती. पुढचे पासिंग २०२९ मध्ये, आणि तेव्हा आजच्या दरानेही १०,००० रुपये लागतील. सातांपैकी ते शेवटचे. ते पार पडले, तर २०३४ मध्ये आबांची गाडी पन्नाशीची होईल. तोवर सुटे भाग मिळतील का, काकांचे गॅरेज चालू असेल का, माझी नोकरी कुठे असेल, हे आज सांगता येत नाही. दर वर्षी थोडे पैसे बाजूला टाकते आहे.

२५/
शेवटी एक विनंती. तुमच्या घरी, मामाच्या गोठ्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी उभी असेल. पद्मिनी, जुनी स्कूटर, मारुती, काहीही. ती ठेवणे प्रत्येकाला परवडेल असे नाही. पण भंगारवाला येण्याआधी तिच्या आरसी बुकाचे छायाचित्र घ्या, कप्पे नीट तपासा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की हिच्यातून कोण कोण कुठे कुठे गेले. उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. आमच्या वहीतील आबांच्या शेवटच्या नोंदीखाली आता माझ्या अक्षरात नोंदी सुरू झाल्या आहेत. परवाची नोंद अशी : 'सातारा ते घर. २३ किलोमीटर. वडील बरोबर. वाटेत एकदाही थांबलो नाही.'